आधी नावं, मग इच्छापत्र: मानेवाड्याचं घर आणि काटोलची बाग

१५ जून २०२५, रविवार

आज कपाटातल्या सगळ्या फायली दिवाणावर काढल्या. बाबा ७६ वर्षांचे, आई ७१ची. दादा २०२१ मध्ये गेला, इच्छापत्र न करता. वहिनींनी गेल्या वर्षी पुन्हा लग्न केलं. त्यांचं आमच्याकडे येणं-जाणं सुरू आहे आणि भाची दर शनिवारी आजीकडे राहायला येते. ताईचे यजमान २०१९ मध्ये गेले, तिला मूलबाळ नाही. मी धाकटी, नागपुरातच त्रिमूर्तीनगरला असते. दहा वर्षांपूर्वीचं आमचं घर आणि आजचं घर यांत एवढा फरक पडला, पण कागदांवर अजून जुनंच घर नांदतंय.

बाबांना वाटतं दोन पानांचं इच्छापत्र टाइप केलं की झालं. मी त्यांना म्हटलं, आधी एकेक कागद पाहू, त्यावर कोणाचं नाव आहे ते लिहून काढू. मोठ्या वहीत चार रकाने केले: वस्तू, कागदावर नाव कोणाचं, नामांकन (नॉमिनी) कोणाचं, खरा हक्क कोणाचा. पहिल्याच बसण्यात कळलं की शेवटचे तीन रकाने फार थोड्या ठिकाणी जुळतात. म्हणून ही नोंदवही. कोणाला हेच काम करायचं असेल तर क्रम तरी सापडेल.

२४ जून

सुरुवात दादाच्या बेसा रोडवरच्या फ्लॅटपासून, कारण तिथे अडकून आधीच एक वर्ष गेलं आहे. गेल्या वर्षी वहिनी फ्लॅट विकायला निघाल्या होत्या. गिऱ्हाईक तयार होतं, इसारही ठरला होता. गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलानं दोन प्रश्न विचारले आणि व्यवहार मोडला.

पहिला प्रश्न आईचा. हिंदू माणूस इच्छापत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलं आणि त्याची आई या तिघांचा हक्क एकाच पायरीवर आणि सारखा असतो. वडील त्या पायरीवर नसतात. म्हणजे दादाच्या फ्लॅटमध्ये वहिनी, भाची आणि आई यांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा. हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे "फ्लॅट वहिनींचा" असंच म्हणत होते. वहिनींच्या दुसऱ्या लग्नानं त्यांचा वाटा जात नाही, तो २०२१ मध्येच त्यांचा झाला. आमच्या नात्यातल्या काही बायका यावर काय काय बोलल्या, म्हणून हे मुद्दाम ठळक लिहून ठेवते.

दुसरा प्रश्न भाचीचा. ती १३ वर्षांची. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाच्या मालकीची स्थावर मालमत्ता आईलासुद्धा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८. परवानगी मिळते, पण पैसा मुलीच्या नावे कसा राहील हे न्यायालयाला पटवावं लागतं. गिऱ्हाईक तेवढं थांबायला तयार नव्हतं.

ही इमारत अपार्टमेंट कायद्याखालची, सोसायटी नाही, तेव्हा भाग-दाखला (शेअर सर्टिफिकेट) नाही की सोसायटीतलं नामांकन नाही. जे काही आहे ते दस्त आणि वारसा.

वहिनींशी बोलले. विक्रीचा विचार भाची १८ची होईपर्यंत सोडला. आईचा एक तृतीयांश तिनं आपल्या इच्छापत्रानं नातीला द्यायचा. तिनं काहीच लिहिलं नाही तर तो तुकडा बाबा, ताई, मी आणि भाची यांच्यात पुन्हा फुटेल. आईला इच्छापत्राची गरज आहे हे यादीत कुठेच नव्हतं. आज ती यादीत सर्वांत वर आली.

७ जुलै

बँका. बाबांच्या मुदत ठेवी तीन ठिकाणी. एकीवर नामांकन दादाचं, म्हणजे मृत माणसाचं. एकीवर काहीच नाही. तिसऱ्या बँकेत बाबांनी काही वर्षांपूर्वी अर्ज दिला होता म्हणे, पण संगणकावर नोंद नाही आणि बाबांकडे पोच नाही. नवे अर्ज भरले आणि तिन्ही ठिकाणी शिक्क्याची पोच घेतली. एका शाखेत "पासबुकात दिसेल नं" म्हणून पोच द्यायला टाळाटाळ झाली. तिथेच थांबले, पोच घेऊनच निघाले. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

बाबांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: नामनिर्देशित माणूस मालक होत नाही. बँक त्याच्या हाती पैसे देऊन मोकळी होते, पुढे तो पैसा इच्छापत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणे वाटायचा असतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हणून नामांकन आणि इच्छापत्र यांत एकच नाव येईल असं पाहायचं. वेगळी नावं ठेवली की दोन माणसांना एकमेकांसमोर उभं केलं म्हणून समजा.

दादाच्या पहिल्या नोकरीच्या भविष्य निर्वाह निधीत नामांकन आईचं होतं, लग्नाआधी भरलेलं. लग्न झालं की असं नामांकन आपोआप रद्द होतं. त्या पैशापायी आई आणि वहिनी दोघींनी वेगवेगळे अर्ज केले होते आणि दोघींचेही परत आले होते. माझ्या ऑफिसातली पोरं लग्नाची पत्रिका द्यायला आली की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, लग्नानंतर नामांकन नव्यानं भरणार नं?

२१ जुलै

काटोल. हे गाडी घेऊन आले. बाग आजोबांनी स्वतः घेतलेली, संत्र्याची. आजोबा १९७८ मध्ये गेले. जुना फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) काढला: वारस म्हणून आजी, बाबा आणि काका. आत्याचं नाव नाही. आजी २००९ मध्ये गेली, तिची वारस नोंद आजवर कोणी केली नाही. वारस नोंदीची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. १६ वर्षं झाली, सातबाऱ्यावर आजी अजून खातेदार आहे.

यंदा सरकारची जिवंत सातबारा मोहीम सुरू आहे, मृत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी (गावात सगळे अजून तलाठीच म्हणतात) वंशावळ, मृत्यूचा दाखला आणि शपथपत्र मागितलं. वंशावळीत आत्याचं नाव लिहिलं. काका तिथेच म्हणाले, "तिचं कायले? तिच्या लग्नात देल्लं नं सारं. आता ते २००५चा कायदा दाखवू नको मले."

२००५चा कायदा इथे लागायची गरजच नाही. तो वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मानं हिस्सा देणारा. ही आजोबांची स्वकष्टाची जमीन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. १९७८ मध्ये आजी, बाबा, काका, आत्या प्रत्येकी एक चतुर्थांश. आजी गेल्यावर तिचा चतुर्थांश तिन्ही मुलांना सारखा. म्हणजे आज तिघांचा एकेक तृतीयांश. लग्नातला खर्च हा हक्कसोड होत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं आणि तसं काही सापडलं नाही. फेरफारात नाव नसल्यानं हक्क जात नाही, महसुली नोंद ही मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे.

बाबा परतीच्या वाटेवर गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, मी इतकी वर्षं अर्धी बाग माझी म्हणून चाललो. इच्छापत्रात अर्धी लिहिली असती तर आत्याचा वाटा लेकींना देऊन बसलो असतो. त्यांनी त्याच रात्री आत्याला फोन केला.

११ ऑगस्ट

मानेवाड्याचं घर. प्लॉट १९८७ चा, पुढे गुंठेवारीत (परवानगीविना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याची योजना) नियमित झालेला, तसं नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल पत्र आहे. तरी अडचण निघाली. विक्रीपत्रात बाबांच्या वडिलांचं नाव एक, आरएल पत्रात आडनावाचं स्पेलिंग दुसरं, आधारवर तिसरं. महापालिकेची घरटॅक्स पावती तर अजून प्लॉट विकणाऱ्याच्या नावानं येते आणि बाबा निमूट भरतात.

चूक दुरुस्तीपत्र करावं म्हटलं तर त्यावर विकणाऱ्याची सही लागते. ते गृहस्थ हयात नाहीत, त्यांची मुलं कुठे आहेत माहीत नाही. तो रस्ता सोडला. वकिलांनी सुचवलं ते केलं: तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र, आणि इच्छापत्रात बाबांचं नाव लिहिताना तिन्ही रूपं "ऊर्फ" लावून. घराचं वर्णनही "मानेवाड्याचं घर" असं नको. मौजा, खसरा क्रमांक, प्लॉट क्रमांक, चतुःसीमा, दस्ताचा क्रमांक आणि तारीख, आरएल पत्राचा क्रमांक. घरटॅक्सच्या नाव-बदलाचा अर्ज इंडेक्स टूच्या (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश) प्रतीसह दिला. काम अजून व्हायचं आहे.

ज्यांच्याकडे आरएलच नाही, त्यांनी इच्छापत्राच्या आधी त्याच्या मागे लागावं असं मला मनापासून वाटतं. ज्यानं प्लॉट घेतला तो जिवंत असताना जी कागदं सहज जुळतात, ती पाच वारसांच्या सह्यांनी जुळवताना फार त्रास होतो.

३० ऑगस्ट

ताई नंदनवनच्या तिच्या फ्लॅटची फाइल घेऊन आली. फ्लॅट तिच्या पगारातून, कर्ज तिनं फेडलं. ती म्हणाली, "माझं काय, मी गेले की आई-बाबांना नाहीतर तुम्हाला." तसं होत नाही. हिंदू बाईला मूल नसेल, नवरा नसेल आणि तिनं इच्छापत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, त्यानंतर तिच्या आई-वडिलांकडे. आई-वडिलांकडून वारशानं आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परत येते. स्वतः कमावलेली नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेलेली, माहेरी राहून शिकलेली, नोकरी केलेली बाई. तिची कमाई नवऱ्याच्या नातलगांना गेली.

ताईचे यजमान गेल्यापासून सासरच्यांनी तिची चौकशीही केलेली नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पहिलं इच्छापत्र माझं करा. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त राग या कलमाचा आला, आणि उपाय दोन साक्षीदार नि दोन पानं एवढाच आहे.

१६ सप्टेंबर

काकांनी वारस नोंदीवर हरकत घेतली. नोटीस निघाल्यावर १५ दिवसांच्या आत हरकत आली की नोंद मंजूर होत नाही, प्रकरण सुनावणीला जातं. पुढची तारीख मिळाली. इच्छापत्रातला बागेचा भाग त्यामुळे थांबवायचा का? वकील म्हणाले थांबायचं कारण नाही. "माझा जो काही अविभक्त हिस्सा असेल तो" असं लिहिता येतं. क्षेत्र आणि दिशा लिहायची नाही, कारण वाटणी झालेली नाही.

५ ऑक्टोबर

कच्चा मसुदा आला. बाबांनी ओळखीच्या अर्जनवीसाकडून आधीच एक टाइप करून घेतला होता, तोही शेजारी ठेवून वाचला. जुन्या मसुद्यात काय काय नापास झालं:

सोनं बाबांनी आपलं म्हणून लिहिलं होतं. ते आईचं स्त्रीधन, बाबांना ते कोणाला देता येत नाही. वाक्य काढलं, आईच्या इच्छापत्रात घातलं.

एखादा लाभार्थी बाबांच्या आधी गेला तर काय, याचं एक अक्षर नव्हतं. दादाच्या अनुभवानंतर हे सुटणं शक्यच नव्हतं. प्रत्येक नावापुढे पर्यायी नाव घातलं.

यादीत न आलेल्या वस्तूंचं काय, तेही नव्हतं. "याखेरीज जी काही मालमत्ता आढळेल ती" हे कलम शेवटी जोडलं.

साक्षीदार म्हणून बाबांचे दोन मित्र, दोघेही ऐंशीच्या घरातले. पुढे इच्छापत्र सिद्ध करायची वेळ आली तर हयात असलेल्यांपैकी निदान एका साक्षीदाराला न्यायालयात उभं राहावं लागतं. शेजारच्या चाळिशीतल्या दोघांना विचारलं, ते आनंदानं हो म्हणाले. लाभ मिळणारा कोणीही साक्षीदार नको, त्यांचे नवरा-बायकोही नकोत.

९ नोव्हेंबर

१ नोव्हेंबरपासून बँकेतल्या ठेवींना चार जणांपर्यंत नामांकन करता येतं, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एक असंच. बाबांच्या ठेवींवर आता पहिली आई, तिच्यानंतर ताई, मग मी. टक्केवारीचा पर्याय बाबांनी घेतला नाही, आई असेपर्यंत पैसा एका हातात राहू दे म्हणाले. शाखेत नवा अर्ज अजून आलेला नव्हता, पुन्हा जावं लागलं.

२३ नोव्हेंबर

घराचा प्रश्न आज सुटला. यावर सर्वांत जास्त बोलणं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

बाबांचा पहिला विचार होता की जिवंतपणीच बक्षीसपत्र करून घर आम्हा दोघींच्या नावे करावं. मुद्रांक शुल्क मुलांना राहतं घर देताना नाममात्र आहे, स्थानिक अधिभार वेगळा. पण बक्षीसपत्र त्या दिवशी लागू होतं आणि मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळ केला नाही तर हस्तांतर रद्द करता येतं. त्यासाठी सांभाळाची अट दस्तातच लिहिलेली बरी. मी बाबांना स्पष्ट सांगितलं की आम्हाला आज घर नको. इच्छापत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं, तेच करा.

दुसरा विचार: आईला हयातभर राहण्याचा हक्क, नंतर ताई, मी आणि नात अशी तीन सारख्या वाट्यांत मालकी. ऐकायला हे रास्त वाटतं. वकिलांनी इथे थांबवलं. बायकोला पोटगीच्या हक्कापोटी मर्यादित हक्क दिला तर तो पूर्ण मालकीत बदलतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा तुळसम्मा खटल्यातला निकाल आहे, आणि अशा शब्दरचनेवरून तेव्हापासून खटले चालत आले आहेत. नेमके शब्द वापरून वाट काढता येते, पण वाद घालायला जागा उरते.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं मी या माणसाचा संसार केला, अन् मला राहायची परवानगी लिहून देता?" कोणी काही बोललं नाही. बाबा म्हणाले, घर तिच्या नावे लिहा, पूर्ण मालकीनं. पुढे तिला वाटेल तसं ती करेल.

तसंच ठरलं. बाबांच्या इच्छापत्रात घर आईला. आई आधी गेल्यास तिघींना सारखं. आईच्या इच्छापत्रात तिला मिळालेलं सर्व तिघींना सारखं, शिवाय दादाच्या फ्लॅटमधला तिचा वाटा नातीला. नात सज्ञान होईपर्यंत तिचा हिस्सा सांभाळायला व्यवस्थापक म्हणून ताई, ती नसेल तर मी. उद्या आईनं मन बदललं तर? बदलू शकते. बाबांना ते मान्य आहे, आणि मलाही तेच बरोबर वाटतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नोंदणी झाली, आई-बाबा आणि ताई तिघांचीही. इच्छापत्राची नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांकही लागत नाही, कोऱ्या कागदावर चालतं. नोंदणी शुल्क १०० रुपये आणि पानांमागे हाताळणीचा खर्च. आम्ही नोंदणी केली ती बाबांच्या सहीमुळे. हात थरथरतो, बँकेतल्या जुन्या सहीशी जुळत नाही. निबंधकांसमोर फोटो आणि बोटांचे ठसे होतात, उद्या कोणी सहीवर बोट ठेवलं तर आधार राहतो. सहीबरोबर अंगठाही घेतला. त्याच सकाळी घरच्या डॉक्टरांकडून बाबा शुद्धीवर, समजून-उमजून निर्णय घेऊ शकतात असा दाखला घेतला.

वेळ गेला तो सर्व्हर बंद असल्यानं. ज्येष्ठांना बसायला खुर्च्या कमी पडतात, पाण्याची बाटली आणि डबा सोबत न्या. साक्षीदारांना त्या दिवशी सुट्टी काढावी लागली, त्यांच्या आधारच्या प्रती आणि पॅनकार्ड आदल्या दिवशीच घेऊन ठेवले होते.

खर्च: वकिलांची फी तिन्ही इच्छापत्रांची मिळून २१,००० रुपये. नोंदणी, प्रती, शपथपत्रं, जुने फेरफार आणि काटोलच्या फेऱ्यांचं पेट्रोल धरून आणखी सुमारे ९,०००. फ्लॅटचा मोडलेला व्यवहार या हिशेबात धरलेला नाही.

१९ जानेवारी २०२६

काकांनी हरकत मागे घेतली. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या नुकसानीची मदत जमिनीच्या सामाईक खात्यात अडकली होती, सर्व खातेदारांच्या संमतीशिवाय एकाच्या खात्यावर ती जमा होत नाही आणि खातेदारांत आजी अजून होती. तहसीलमध्ये त्यांना हे सांगितलं गेलं. शिवाय चुलतबहिणीनं घरी त्यांना विचारलं म्हणे, मग माझंही नाव तुम्ही असंच गाळणार का. आता बाबा, काका, आत्या अशी तीन नावं लागतील. आत्या म्हणाली, "हिस्सा विकाले नाही मागून राहिली मी. बापाच्या वावरात माह्यं नाव पाह्यचं आहे."

२६ जानेवारी

सुट्टीचा दिवस म्हणून एक राहिलेलं काम काढलं. अतिदक्षता विभागात उपचार कुठवर चालवायचे याचा लेखी निर्देश. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याला मान्यता दिली, जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. दादाच्या वेळी हे प्रश्न दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून सोडवावे लागले होते. आईनं लगेच होकार दिला, बाबांना अजून वेळ हवा आहे. त्यांना घाई करणार नाही.

मूळ इच्छापत्रं लॉकरमध्ये ठेवायची नाहीत असं ठरवलं, कारण लॉकर उघडायलाच ती लागू शकतात. ती घरच्या कपाटात, प्रती ताईकडे आणि वकिलांकडे. वहीच्या पहिल्या पानावर कोणती वस्तू कुठे, खाते क्रमांक, पोच कुठल्या फायलीत हे बाबांच्या अक्षरात लिहून घेतलं.

बाकी आहे: घरटॅक्सवरचं नाव. काटोलचा नवा सातबारा हाती येणं. माझं स्वतःचं आणि ह्यांचं इच्छापत्र, त्याचे रकाने याच वहीत मागच्या बाजूनं आखले आहेत. वही पुन्हा उघडायची वेळ ठरवून ठेवली आहे: दर जूनमध्ये, आणि मधे घरात जन्म, लग्न, काडीमोड किंवा मृत्यू झाला तर त्याच महिन्यात. वहिनींनी परवा सांगितलं की त्यांच्याकडे मे महिन्यात बाळ येणार आहे. भाचीच्या खात्यांवर आज नामांकन कोणाचं आहे ते त्यांना विचारायचं आहे.